वरण शिजेस्तोवर

कुमुदकाकूंकडे चांगला पाच लिटरचा कुकर होता आणि त्यात त्या शेंगदाणे ठेवायच्या. झाकण घट्ट बसतं, मुंग्या लागत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. तुरीचं वरण त्यांच्या घरी शेवटपर्यंत जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यातच शिजलं.

आर्णीच्या आमच्या गल्लीत याची भरपूर चेष्टा व्हायची. बाई तहसील कचेरीत क्लार्क. सकाळी दहाच्या आत डबा घेऊन निघायची, संध्याकाळी सहाला दमून यायची. नवरा बसवर कंडक्टर, तीन दिवसांतून एकदा घरी. पदरात दोन पोरं. आणि एवढं सगळं असताना ही बाई कुकर बाजूला ठेवून तासभर वरण शिजवत बसते! "तिच्यापाशी वेळ लय आहे," असं माझी आई म्हणायची. माझी आई दिवसभर घरी असायची.

आधीच सांगून टाकते, नंतर गैरसमज नको. मी हे काही भक्तिभावानं लिहायला बसलेली नाही. प्रेम असेल, नाही असं नाही, पण काकूंचं नाव निघालं की पोटात पहिल्यांदा जे उठतं ते दुसरंच असतं. सातव्या वर्षी मला त्यांच्या मुलीचा हेवा वाटला आणि बेचाळिसाव्या वर्षी खुद्द त्यांचा. मधल्या काळात मी शिक्षण, नोकरी, लग्न वगैरे उरकलं.

त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये छातीएवढी भिंत होती. आमच्या बाजूला भिंतीला लागून कपडे धुण्याचा दगड. त्या दगडावर उभं राहिलं की काकूंची छपरी पूर्ण दिसायची. साडेसहाच्या सुमारास काकू डाळ धुऊन गंज छपरीतल्या चुलीवर चढवायच्या, मग तिथंच गोणपाटाचा एक बोरा अंथरायच्या आणि पत्र्याची पेटी ओढून आणायच्या. पेटीत काय नव्हतं ते विचारा. साड्यांचे फाटके काठ, दोऱ्याची रिळं, फुटक्या बांगड्या, सरकी काढलेला कापूस, चिंचोके, तुटलेल्या छत्रीच्या काड्या. त्यांची वर्षा आणि तिचा धाकटा भाऊ दोन्ही बाजूंना बसायचे, काकू मध्ये. आणि वरण शिजेस्तोवर तिघं मिळून काहीतरी करायचे. कधी बाहुली, कधी तोरण, कधी नुसताच एक लांबलचक गोफ, ज्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

त्यांचा नियम एकच होता. मधेच उठून त्या डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून बघायच्या. दाणा मऊ झाला की "झालं" म्हणायच्या आणि पेटी बंद. बाहुलीचा एकच डोळा लागलेला असला तरी बंद. पोरं रडायची, पाच मिनिटं मागायची. काकू शिजत्या डाळीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "मले मागून काय फायदा? दायीले माग."

दुसरं म्हणजे त्या कधी "छान" म्हणायच्या नाहीत. आणि कधी दुरुस्तही करायच्या नाहीत. पोरांनी वाकडं कापलं, उलटं शिवलं, की काकूंचे हात शिवशिवायचे, ते मला भिंतीवरून दिसायचं. मग त्या दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायच्या. अक्षरशः हातांवर बसायच्या. आणि म्हणायच्या, "वाकडं झालं त झालं. कोनं केलं थे तरी समजते." माझ्या घरी तेव्हा वहीतलं एक अक्षर रेघेच्या खाली गेलं तर आई पान फाडायला लावायची.

मला तिथं जायचं होतं. दुसरं काही नको होतं, त्या बोऱ्यावर एक टीचभर जागा हवी होती. सुरुवातीला मी दोन-तीनदा गेलेही. काकूंनी "ये, बस" म्हणून सरकून जागा दिली होती. मग आईनं एकदा दरडावलं, "रोज रोज लोकाच्या घरी काहून बसतं? घर नाही का तुले?" त्यानंतर मी भिंतीपर्यंतच. आणि विशेष म्हणजे काकूंनीही मला परत कधी बोलावलं नाही. दगडावर उभी असलेली मी त्यांना दिसायचे. हसायच्या, "काय सुनी" म्हणायच्या. पण "ये" हा एक शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. या एका शब्दासाठी मी त्यांच्यावर किती वर्षं राग धरला, ते सांगितलं तर तुम्ही हसाल.

राग धरला की माणूस चहाडी करतं. मीही केली. भिंतीवरून मला एक भानगड दिसली होती. काकू पेटी आणायला आत गेल्या की वर्षा हळूच उठायची, फळीवरून चिंचेचं बुटूक घ्यायची आणि शिजत्या डाळीत टाकायची. आंबट पडलं की डाळ लवकर शिजत नाही, हे त्या पोरीला कुणी शिकवलं देव जाणे. पंधरा-वीस मिनिटं सहज जास्त मिळायची. मी चार दिवस नीट पाळत ठेवली आणि पाचव्या दिवशी काकू नळावर भेटल्या तेव्हा सगळं सांगून टाकलं. वर्षाला चांगले दोन धपाटे बसतील, निदान पेटीला आठ दिवस कुलूप लागेल, अशी माझी फार आशा होती.

काकूंनी घागर कडेवर घेतली आणि म्हणाल्या, "मले मालूम आहे."

"मंग?"

"मंग काय? चिंच मीच खालच्या फळीवर ठेवतो. वरच्या फळीवर तिचा हात नाई पुरत नं."

त्या रात्री मी जेवले नाही. आईला वाटलं पोट दुखतंय, तिनं ओवा दिला. आपल्या आईनं आपल्यासाठी चिंच खाली ठेवावी आणि मग महिनोन्महिने काही न बोलता आंबट वरण खावं, याचा मला इतका हेवा वाटला की ओव्यानं काय होणार होतं!

माझे बाबाही त्याच कचेरीत होते, त्यामुळे काकूंचे तिथले किस्से आमच्या घरी यायचे. काकूंच्या पदरावर डाव्या खांद्याशी एक सुई कायम टोचलेली असे, पांढरा दोरा ओवलेली. ती सुई घेऊनच त्या कचेरीत जायच्या. एकदा वरून मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि नेमकं त्याच सकाळी आमच्या साहेबांच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण तुटलं. धावपळ झाली. काकू शांतपणे उठल्या, पदरावरची सुई काढली आणि साहेबांना म्हणाल्या, "बसा. हा दोरा दातात धरा."

साहेबांनी विचारलं, कायले?

"आंगावरचं कापड शिवताना तोंडात दोरा धरा लागते. नाईतं अक्कल शिवल्या जाते."

साहेब गरम डोक्याचे होते, दिवसभर कुणावर तरी ओरडणं चालूच असायचं. ते बिचारे दातात दोरा धरून, मान वर करून खुर्चीत बसले आणि काकूंनी चांगली पाच मिनिटं लावून बटण शिवलं. तेवढा वेळ कचेरीत इतकी शांतता होती की बाहेरच्या झाडावरचे पोपट ऐकू येत होते, असं बाबा सांगायचे. एका बटणाला पाच मिनिटं कशी लागली, असं बाबांनी नंतर विचारलं. काकू म्हणाल्या, "टाइपिस्ट पोरगी सकायपासून रडून राह्यली होती. तिले जरा दम नोको घेऊ देऊ का?"

याच साहेबांनी पुढं काकूंना संध्याकाळी जास्त थांबायला सांगितलं. थांबलात तर तुमचं नाव वर पाठवतो म्हणाले. काकू म्हणाल्या, "नाई साहेब, घरी वरण लावाचं आहे." साहेब म्हणाले, "अहो, मंग कुकर घ्या नं बाई." काकू म्हणाल्या, "आहे नं साहेब." आणि साडेपाचच्या ठोक्याला पिशवी घेऊन निघाल्या. त्यांच्या मागून लागलेले लोक त्यांच्या पुढं गेले, त्या होत्या त्याच टेबलावर राहिल्या. बाबा हे सांगताना मान हलवायचे. आई म्हणायची, "मोठी आली वरनवाली." मी ताटातल्या वरणाकडे बघायचे. आमचं तीन शिट्ट्यांत झालेलं असायचं.

मग तो तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून चौकात तोरणाखाली रांगेत उभे करायचे, मोठी माणसं नंबर काढतात, मग पोरं घरोघरी बैल घेऊन जातात आणि लोक बोजारा देतात, कुणी पैसे, कुणी खाऊ. त्या वर्षी माझा बैल आईनं यवतमाळहून आणला होता. चाकांचा, पांढरा, गुळगुळीत, शिंगांना सोनेरी रंग, गळ्यात खरी घंटा. असा बैल आर्णीत तेव्हा कुणाकडेच नव्हता.

वर्षाचा बैल घरी झालेला. महिनाभर मी तो भिंतीवरून वाढताना बघितला होता. जुन्या परकराचं कापड, आत कापूस, पाय पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचे. आता पऱ्हाटीची काडी वाकडीच असणार. एक पाय लांब, एक आखूड, एक बाहेर गेलेला. चौकात ठेवला की बैल धपकन खाली बसायचा. उभा केला की पुन्हा बसायचा. सगळी पोरं हसायला लागली. वर्षा रडवेली झाली. नंबर काढायला आलेले गुरुजी म्हणाले, "काहो बाई, तुमचा बैल त उभाच नाही राहात."

काकू म्हणाल्या, "पोयाच्या दिवशी बैलाले सुटी असते गुरुजी. बसला त बसला."

चौक हसला, पण आता हसणं वेगळं होतं. पहिला नंबर माझ्या बैलाचा आला. स्टीलचा डबा मिळाला, टाळ्या पडल्या. आणि पाचच मिनिटांनी माझ्या बैलाजवळ मी एकटी उभी होते. सगळी पोरं बसलेल्या बैलाच्या भोवती. कुणी त्याला पाणी पाजतंय, कुणी त्याचे पाय चेपतंय, कुणी म्हणतंय झोपू द्या त्याले. बोजारा मागायला गेलो तर घराघरांतल्या बाया विचारायच्या, तो थकलेला बैल कुठं आहे? वर्षा मात्र अधूनमधून माझ्या बैलाची चाकं फिरवून बघत होती. ते मी पाहिलं, पण तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही.

घरी येऊन मी डबा फेकला. आईला म्हटलं, तू मला का नाही करून दिला बैल? आई पोळ्या करत होती. ती म्हणाली, "यवतमायले उभी गेलती मी, उभी आलती. बसमंदी जागा नव्हती. धक्का लागू नये म्हून छातीशी धरून आनला थो बैल. आनि तुले थे कापडाचं बोचकं पाह्यजे?" तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागानं.

पुढं शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं इतर कुठंकुठं झालं. बँकेनं फिरवत फिरवत मला परत आर्णीला आणलं तेव्हा माझी माही सात वर्षांची होती. आईबाबा तोवर यवतमाळला भावाकडे राहायला गेले होते. जुनं घर रिकामं होतं, ते मी उघडलं. नवरा राजूरला कोळशाच्या खाणीत, रविवारचा पाहुणा. म्हणजे बघा, नोकरी माझीही, नवरा माझाही बाहेर, पोर माझ्याही पदरात. काकूंच्या तिन्ही अडचणी मला मिळाल्या होत्या, फक्त काकू होणं जमत नव्हतं.

काकू अजून तिथंच होत्या. कंडक्टरकाका गेले होते, मुलगा बाहेरदेशी, वर्षा पुण्याला. चुलीच्या जागी गॅस आला होता, पण त्यावर गंज तोच. माही शाळेतून यायची पाचला, मला यायला सात व्हायचे. मधले दोन तास काकूंनी आपणहून घेतले. मी त्यांचे पाय धरायला हवे होते. लोक पाळणाघराला पैसे मोजतात, इथं भिंतीपलीकडे आजी मिळाली होती.

आठ दिवसांत माही बोऱ्यावर बसायला लागली. माझ्या मुलीला सातव्या वर्षी ती जागा मिळाली, तीही न मागता. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी दमून घरी यायचे, भिंतीवरून हाक मारायचे, "माही, चल," आणि पलीकडून उत्तर यायचं, "थांब नं आई, वरण नाही झालं!" आणि मी त्या दगडाजवळ, हातात पर्स घेऊन, उभी.

घरात प्रत्येक वाक्य "आजी म्हणते" असं सुरू व्हायचं. आजी म्हणते दोरा जास्त लांब घेतला की गुंता होतो. आजी म्हणते कापड फाडताना आवाज ऐकायचा. एकदा माहीनं अगदी साधेपणानं विचारलं, "आई, तुला काय करता येतं?" मी म्हटलं, मला बँकेतलं सगळं येतं. ती म्हणाली, "तसं नाही. हातानं."

मी हार मानणारी नाही. शाळेत आईसोबत केलेली एक वस्तू आणायला सांगितली, तेव्हा मी मोबाईलवरून एक महागडा डबा मागवला. त्यात सगळं कापलेलं, भोकं पाडलेली, चित्रासकट सूचना. रविवारी आम्ही मायलेकी बसलो. बारा मिनिटांत घुबड तयार झालं. डब्यावरच्या फोटोत होतं तसंच्या तसं. माहीनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "झालं? आता काय करायचं?" सोमवारी ती शाळेत घुबड घेऊन गेलीच नाही. काकूंकडे केलेली एक पिशवी घेऊन गेली, आणि बाईंनी विचारलं तेव्हा "आजीसोबत केली" म्हणून खरं सांगून आली.

त्याच संध्याकाळी मी भिंतीपाशी गेले आणि काकूंना म्हटलं, "काकू, माहीचा अभ्यास लय मागं पडून राह्यला. उद्यापासून ट्यूशन लावून देल्ली. आता ती नाही येनार."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

माहीचा अभ्यास उत्तम चालला होता. तिच्या वर्गात ती दुसरी होती.

वीस-बावीस दिवस गेले. काकूंनी एकदाही विचारलं नाही. माही ट्यूशनहून यायची, मोबाईल घेऊन पलंगावर पडायची, माझ्याशी बोलायची नाही. आता मुलगी माझ्या घरात होती, तरी मला चैन पडत नव्हतं. कारण एकदा न राहवून मी भिंतीवरून डोकावले. मला वाटलं होतं बाई उदास बसली असेल. काकू एकट्याच बोऱ्यावर बसून जुन्या पातळाच्या पट्ट्या फाडत होत्या, आत गंजातलं वरण रटरटत होतं आणि त्या मजेत गुणगुणत होत्या. एकटीनंसुद्धा त्यांचा तो तास भरलेला होता. माझ्या घरात दोघी असून रिकामा.

दिवाळीच्या आधी कळलं की वर्षा त्यांना पुण्याला न्यायला येतेय, कायमचं. गुडघे गेले होते, डोळ्यांचंही ऑपरेशन व्हायचं होतं. कळलं त्या दिवशी मी बँकेतून साडेपाचलाच निघाले आणि भिंतीवरून नाही, दारातून त्यांच्या घरी गेले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. काकू गोधडीची कड शिवत होत्या. मला पाहून त्या सरकल्या आणि पदरावरची सुई काढून माझ्या हातात दिली. "बस. हे टोक तू घे."

पस्तीस वर्षांनी मी त्या बोऱ्यावर बसले. गुडघे दुखले. सुई दोनदा बोटात घुसली. वीतभर शिवून झालं आणि मी मान वर केली. खोटं का बोलू, मी "वाकडं झालं त झालं" या एका वाक्याची वाट बघत होते.

काकूंनी चष्मा सरकवला, टाके बघितले आणि सरळ उसवायला लागल्या.

"काकू! माहीचं वाकडं चालते आनि माह्यं नाही?"

"लेकराचं वाकडं लेकरासंगं वाढते, सिधं होते. तुह्यं आता काय वाढनार आहे? पुन्ना घाल."

मी पुन्हा घातलं. त्यांनी पुन्हा उसवलं. तिसऱ्यांदा शिवताना मी मान खाली ठेवूनच म्हटलं, "माहीले बंद केलं थे अभ्यासापायी नव्हतं काकू. मले तुमचा राग येत होता."

"मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"तुह्या मायलेबी येत होता." त्या दोऱ्याची गाठ मारत होत्या. "तू सात-आठ वर्साची असशीन. दुपारी आलती तुही माय. हात जोडले तिनं मले. म्हने, बाई, माह्या पोरीले बलावत नोका जाऊ. रोज थे भितीवर चढते, मले तिचं तोंडच दिसत नाई, पाठच दिसते." काकूंनी दोरा दातानं तोडला. "मंग नाई बलावलं. तू दगडावर उभी राहे, मले दिसे. पन मी शब्द देल्ला होता नं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की काकूंना मी नको होते.

"तुही माय खोटी नव्हती," काकू म्हणाल्या. "पन आता वाटते, मी तिलेबी बस म्हनाले पाह्यजे होतं. सुचलंच नाई मले."

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. खरं का, विचारलं. मग आई म्हणाली, "हाव. म्हनलं होतं. माह्या पोटची पोरगी रोज भितीवरून दुसऱ्याची माय पाहे. मी काय कराले पाह्यजे होतं, सांग बरं?" मी तर हातही जोडले नव्हते, सरळ खोटं बोलले होते.

राहिलेले नऊ दिवस माही आणि मी दोघीही काकूंकडे बसलो. ट्यूशनच्या बाईंना मी काय कारण सांगितलं ते विचारू नका. माहीचे टाके वाकडे राहिले, माझे उसवले गेले. मी एकदा चिडून सुई टाकून उठले, तेव्हा माही आणि काकू दोघी तोंड दाबून हसल्या. मला दोघींचा राग आला, आणि मी परत बसले.

वर्षा आली ती आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. ती मुलगी दोन दिवस मोबाईलमधून मान वर काढत नव्हती. आजीनं हाक मारली तर "हं" म्हणायची, एवढंच. वर्षा मला म्हणाली, "काय करू गं, मला वेळच होत नाही." मी म्हटलं, कुणाला होतो?

निघायच्या दिवशी सकाळी गाडीत सामान भरलं. पत्र्याची पेटी काकूंनी माहीला दिली होती, शेंगदाण्याचा कुकर पलीकडच्या शेजारणीला. मी वाटेसाठी पोळ्या आणि पिठलं बांधून आणलं होतं, ते हातात धरून गाडीपाशी उभी होते. माही काकूंच्या कमरेला मिठी मारून रडत होती. माझ्या मनात तेव्हाही आलं, की ही माझ्यासाठी कधी अशी रडेल? काकूंनी तिचं तोंड पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "आता कायले रडतं? तुह्यापाशी काम देऊन चालली मी. तुह्या मायले रोज बसवत जाय. थे उठून पयते. पयू नोको देऊ."

माहीनं रडत रडत माझ्याकडे पाहिलं, नीट तपासून पाहिल्यासारखं, आणि मान हलवली. "हो आजी."

काकूंनी माझ्या हातातला डबा घेतला. माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं वाटलं होतं. त्यांनी माझं बोट धरून उलटं केलं, सुई टोचलेल्या जागा बघितल्या, आणि गाडीत बसल्या.

गाडी गल्लीच्या तोंडाशी जरा अडली, समोरून बैलबंडी येत होती. मागच्या काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. एकदा तरी वळून बघतील म्हणून मी हात वर करून ठेवला होता. पण वर्षाच्या मुलीनं कधी नव्हे तो मोबाईल खाली ठेवला होता. बिस्किटाच्या पुड्याचा चकचकीत कागद तिच्या हातात होता आणि ती आजीच्या बाजूला सरकून काहीतरी विचारत होती. काकूंची मान तिच्याकडे झुकली. बंडी निघून गेली, गाडी वळली. मी वर केलेला हात खाली घेतला. त्या पोरीचा मला असा राग आला, की मी माहीचा हात घट्ट धरला आणि तिला ओढतच घरात घेऊन आले. "चाल," म्हटलं, "काढ पेटीतून काय काढाचं थे."